बसपाचो उजो

मे महिन्याच्या ऐन दुपारी डिचोलीच्या बाजारात लोकरीचा स्वेटर घालून फिरणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. बाकीची माणसं लिंबू सोडा पीत, हाताला लागेल त्या कागदाने वारा घेत जीव सांभाळत असायची, आणि आमच्या नलूवयनी गळ्यापर्यंत बटणं लावून, वर पदर लपेटून भाजीवालीशी भांडत असायच्या. स्वेटर जांभळा, कोपरांवर विरलेला. पोरं हसायची. नवा बस कंडक्टर असला तर तिकीट देता देता दोनदा बघायचा. "म्हाका हींव जाता," एवढंच वयनी सांगायच्या. हींव म्हणजे थंडी. गोव्यात, मे महिन्यात!

माझं डिचोलीत हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाईप, टाईल्स, संडासाची भांडी, असा सगळा हाताला गार लागणारा माल. अशाच एका दुपारी वयनी दुकानात आल्या, पंख्याखालची खुर्ची ओढून पंख्यापासून लांब नेली आणि ऐसपैस बसल्या.

"दिनू, घरांत उजो घालपाक तुज्याकडेन कितें आसा?"

आगीला आमच्याकडे उजो म्हणतात. मला वाटलं, शेगडी हवी असेल.

"शेगडी न्हय रे. भिंतींतलो उजो. सिनेमांत आसता तसलो. मुखार लोक बसतात आनी कांय करिनात."

"फायरप्लेस?"

"कितेंय नांव आसूं. म्हाका तो जाय."

मी मोठ्याने हसलो. त्याही हसल्या, पण खुर्चीतून उठल्या नाहीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बाई थट्टा करत नाहीये.

आमोण्याला त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये फक्त दगडांचा एक गडगा आहे, त्यामुळे त्या घरातलं सगळं मला माहीत होतं असं म्हणायला हरकत नाही. घर थोरल्या दिरांचं. त्यांना सगळा गाव दादा म्हणायचा. देवळात मानाचे, पंचायतीत मानाचे, घरात तर विचारूच नका. पण घराच्या आतल्या अर्ध्या भागात राज्य माईंचं. माई म्हणजे दादांची बायको, वयनींची थोरली जाऊ. घरात गॅस आला, मिक्सर आला, फ्रीज आला, तरी माईंची लाकडाची चूल काही विझली नाही. वयनींनी नारळ खवायचा, मासळी साफ करायची, वाटायचं, चिरायचं, भांडी घासायची, ताटं मांडायची. आमटीत मीठ मात्र माई घालायच्या. लग्न होऊन आल्यापासून वयनींनी त्या घरात कधी मीठ घातलं नव्हतं. हे मला खुद्द वयनींनीच सांगितलं होतं, आणि तक्रार म्हणून नाही, हवापाण्याची बातमी सांगावी तसं.

वयनींचे यजमान श्रीपाद बार्जीवर होते. खनिज भरून मांडवीतून मुरगावला जायचं, रिकामी बार्ज परत आणायची, यात त्यांची उमर गेली. खाणी बंद पडल्या तसे ते घरी आले आणि पुढच्या सोप्यावर बसले. त्यानंतर त्यांना तिथून उठलेलं मी फारसं पाहिलं नाही. कुठलाही प्रश्न विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं. "पळोवया." म्हणजे बघूया. ते खरोखरच बघत असायचे, रस्त्याकडे. एकुलती एक मुलगी लग्न होऊन कुडाळला गेलेली. तिच्याकडे चार दिवसांच्या वर राहणं वयनींना जावयासमोर बरं वाटायचं नाही. म्हणजे जायला जागा अशी कुठेच नव्हती.

"ह्या घराक दारां खूब," वयनी म्हणायच्या, "पूण सगळीं रांदपघरांत उगडटात." कुठल्याही दाराने बाहेर पडा, शेवटी स्वयंपाकघरात. हे अगदी खरं होतं. मी गडग्याच्या अलीकडून बघायचो. दुपारची आवराआवर झाली की त्या मागच्या उंबरठ्यावर जरा टेकायच्या. पाठ चौकटीला लागते न लागते तोच आतून माईंची हाक यायची, "नलू गे!" आणि वयनी बसल्या बसल्याच ओरडायच्या, "येतां!" हाक आणि उत्तर यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नसायची. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणायच्या, "हांव बसली म्हण्टकच कोणाक तरी तान लागता." तान म्हणजे तहान.

माई दुष्ट होत्या असं कुणी समजू नये. त्यांनाही त्यांच्या सासूने असंच उठवलं होतं, आणि बसलेली बाई दिसली की त्यांना घरात काहीतरी करपतंय असंच वाटायचं.

थंडीचं म्हणाल तर डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. थायरॉईड निघालं. गोळ्या सुरू झाल्या, पुढे रिपोर्टही चांगला आला, थंडी मात्र गेली नाही. वयनींची खोली घराच्या पाठीमागे, नदीच्या अंगाला. भिंतीला बारमाही ओल, जनेलातून ऊन कधी यायचं नाही. मी म्हणायचो, खोली बदलून घ्या. त्या म्हणायच्या, "खोली बदलून हींव वचपाचें ना. तें आंगांत बसलां. एकटें तेंच बसलां बरें." थंडी जाणार नाही, या घरात बसायला मिळालंय ते तिला एकटीलाच, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं माहेर वाळपईच्याही पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. तिकडे डिसेंबरात खरी थंडी पडते. संध्याकाळी त्यांचे वडील अंगणाच्या कडेला लाकडं रचून पेटवायचे आणि सगळं घर भोवती बसायचं. त्या उज्यावर काही शिजवायचं नाही, काही भाजायचं नाही. आईसुद्धा येऊन बसायची. आई एकदा तिथे बसली की तिला कुणी उठवत नसे, असा त्या घरचा रिवाज. "आमगेर रांदपाचो उजो वेगळो आनी बसपाचो उजो वेगळो," वयनी सांगायच्या. सांगताना हात पुढे धरायच्या, तळवे पसरून, समोर काही नसलं तरी. ते घर आता कुलपात आहे. भाऊ फोंड्याला फ्लॅटमध्ये राहतो, आणि फ्लॅटमध्ये त्याच्या बायकोने कापूरसुद्धा बाल्कनीत जाळायला लावला आहे.

तर आमची फायरप्लेसची निवड सुरू झाली. मी कंपन्यांचे कॅटलॉग मागवले, मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. विजेवर चालणारी, खोट्या ज्वाळांची एक होती. ती बघून वयनी म्हणाल्या, "हो टीव्ही. घरांत एक आसा." लोखंडी बंद चुलीसारखी एक होती, काचेचं दार, वर धुराचा पाईप. मला आवडली. वयनींनी चित्र जवळ धरून बघितलं आणि बोट ठेवलं. "हाचेर चायचें आयदन रावता. नाका." आयदन म्हणजे भांडं. दुसरीवर तवा राहण्यासारखा होता. तिसरीच्या वर सुबक फळी होती, फोटो आणि फुलदाणी ठेवायला. "फुलदाणी रावता थंय टोपूय रावता," वयनी म्हणाल्या. इतकी वर्षं दुकानात बसलो. मजबूत द्या, स्वस्त द्या, बाथरूमच्या रंगाला मिळतं द्या, असली गिऱ्हाइकं पाहिली. जिच्यावर कुठलंही भांडं टेकणार नाही अशी वस्तू मागणारं गिऱ्हाईक तेवढं एकच.

शेवटी मी म्हटलं, एक खरी नजरेखालून घालू. पेडण्याला मांद्र्याच्या बाजूला दिल्लीकडच्या एका कुटुंबाचा बंगला आहे. टाईल्स माझ्याकडच्या, म्हणून राखणदार ओळखीचा. वयनींनी घरी म्हापशाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि माझ्या टेम्पोत पुढे बसल्या. खोटं नको म्हणून वाटेत खरंच डॉक्टरांकडे गेलो. सबंध रस्ताभर बाई शेतं, चर्च, मासळीच्या टोपल्या बघत होत्या. "गाडयेंत बसप बरें," मध्येच म्हणाल्या. "हांगा कोणाक तान लागना."

बंगल्याच्या हॉलमध्ये संगमरवराची फायरप्लेस होती, उभा माणूस आत मावेल एवढी. बरोबर तिच्या डोक्यावर एसी. आत लाकडांच्या जागी रिकाम्या बाटल्या आणि त्यांच्यात दिव्यांची माळ. सोफा टीव्हीकडे तोंड करून, फायरप्लेसकडे पाठ. वयनींनी खाली बसून आत हात घातला, वरपर्यंत चाचपला आणि बाहेर काढून मला दाखवला. तळहात स्वच्छ. काजळीचा एक कण नाही.

"पेटयनात?" त्यांनी राखणदाराला विचारलं.

"गरम जाता न्हू, बाय," तो म्हणाला.

वयनी एसीखाली कुडकुडत कितीतरी वेळ त्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. परत येताना करासवाडा मागे पडल्यावर म्हणाल्या, "दिनू, इतलें व्हडलें नाका. दोगांक बसूंक जातलें इतलें पुरो."

गावात गोष्टी लपत नाहीत. राखणदाराची मावशी आमच्या वाड्यावर दिलेली. आठवड्याच्या आत दादांचं बोलावणं आलं, मला. श्रीपाद सोप्यावर होतेच. दादांनी मला बसायला सांगितलं नाही.

"दिनकर, तूं आमचें घर मोडपाक भायर सरला?"

मी गडबडलो. पण त्यांचं म्हणणं समजायला मला वेळ लागला नाही, कारण मीही त्याच गावचा. आमच्याकडे घर मोजतात ते चुलीवरून. एका छपराखाली भाऊ राहोत की पुतणे, चूल एक तर घर एक. दुसऱ्या खोलीत दुसरी चूल पेटली की वाटण्या झाल्या असंच गाव धरून चालतो. शिगम्याला, म्हणजे शिमग्यात, ढोल-ताशांचा मेळ दारात येतो तेव्हा चुलीमागे एक नारळ द्यायचा असतो. देवळातला प्रसाद चुलीमागे एक. आणि दादांच्या घरात कधी दोन नारळ बाहेर आले नव्हते.

"नुस्तें घेवन येता ती बायल म्हज्या घरकान्नीक विचारता, पणस कोणाच्या वांट्याक आयलो म्हूण!" मासळीवाली माईंना विचारत होती, वाटण्यांत फणस कुणाला गेला, म्हणून दादांचा आवाज चढला होता. "आमी मेल्यात काय?"

मी म्हटलं, "दादा, ती चूल न्हय. वयनींक थंडी लागता म्हूण शेकपाक."

"उजो म्हणल्यार चूल."

मी आशेने श्रीपादांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस बायकोच्या बाजूने एक शब्द बोलेल असं मला मनापासून वाटलं.

"पळोवया," श्रीपाद म्हणाले.

वयनी आतल्या दाराशी उभ्या होत्या, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले. वाटण्या नकोत, वेगळं घर नको, कुणाचा फणस नको, हे त्यांना सांगायचं होतं. एवढ्या मोठ्या घरात त्या बाईने पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी मागितलं होतं आणि ते मागणं घरफोडी ठरलं होतं. मला फार राग आला. दादांचा आला, श्रीपादांचा तर जास्तच.

तेवढ्यात माई बाहेर आल्या. हात पुसत पुसत, सरळ निकालच घेऊन.

"घाल म्हणचें तिका उजो. पूण एक सांगतां. ताचेर शीत शिजूंक फावना. चाय ना, उदक ना, पापड भाजप ना. कांयच ना. एक दीस जरी आयदन चडलें, तर हांव म्हज्या हातांनी मोडून उडयतलें."

माईंना वाटलं, अट अशी घातली की बाई आपणच नाद सोडेल. जिच्यावर काही शिजवायचं नाही त्या आगीचा बाईमाणसाला उपयोग काय? आणि वयनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळे बघतच राहिले. एवढं हसणं त्या घराने वयनींकडून कधी ऐकलं नसावं.

"माई," त्या कशाबशा म्हणाल्या, "म्हाका तोच जाय."

दिवाळी झाल्यावर वयनींच्या खोलीत काम काढलं. गवंडी दोडामार्गचा, बाबी नावाचा. चिऱ्याच्या कामात हात बसलेला, पण फायरप्लेस त्याने जन्मात पाहिली नव्हती. मी चित्र दाखवलं, मापं दिली, आणि दुकान बघायला डिचोलीला गेलो, हे चुकलंच. संध्याकाळी येऊन बघतो तर भिंतीतल्या कोनाड्यात बाबीने भांडं टेकायला चिऱ्यांचे तीन उंचवटे ठेवले होते, आणि चांगुलपणाने बाजूला भांडं गरम ठेवायचं एक वैलही दिलं होतं.

वयनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "हें काड."

"वयनीनूं, वैल काढलंय तर आमटी खंय ठेवशात?"

"आमटी दवरपाचीच ना."

"मगे भात?"

"भातूय ना."

बाबीने माझ्याकडे पाहिलं. घरातल्या बाईचं डोकं फिरलंय की काय, हे विचारायचं कसं, असा त्याचा चेहरा झाला होता. "माज्या बापाशीनपण अशी उपाशी चूल घातलेली नाय," असं पुटपुटत त्याने वैल फोडलं आणि तीन उंचवटे छिन्नीने सोडवून काढले. ते तीन चिरे वयनींनी मागच्या दाराशी अनंताच्या झाडाभोवती लावून टाकले. वरची कड त्यांनी मुद्दाम उतरती करून घेतली. बाबीने पाण्याचा तांब्या ठेवून बघितला, तो घसरून खाली पडला. वयनी खूश.

पहिल्यांदा पेटवली तेव्हा धूर वर जायचा सोडून सरळ देवघरात गेला. दादा खोकत अंगणात आले, माई आतून ओरडत होत्या, श्रीपाददेखील सोप्यावरून उठले, यावरून धुराची कल्पना यावी. मग धुराडं कौलांच्या वर चांगलं पुरुषभर चढवलं, तेव्हा कुठे धूर नदीकडे गेला. वयनींनी समोर दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीत त्या बसल्या. तळवे पुढे धरले. दुसरी खुर्ची कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

पुढे काही दिवस त्या उज्याची सगळ्या घराने परीक्षा पाहिली. श्रीपाद सुका बांगडा घेऊन आले, निखाऱ्यावर टाकू का म्हणून. वयनींनी बांगड्यासकट त्यांना परत पाठवलं. कुडाळहून नातू आला, त्याला काजू भाजायचे होते. त्यालाही नाही. माई तर रोज सकाळी काठीने राख उकरून बघायच्या, कुठे शीत सापडतंय का. आणि गंमत बघा, शिगम्याला मेळ आला, पुढाऱ्याने मिश्कीलपणे विचारलं, "माई, नाल्ल एक काय दोन?" तेव्हा माईच कडाडल्या. ढोल-ताशासकट सगळ्यांना घरातून मागच्या खोलीत नेलं आणि उतरत्या कडेवर हात मारून दाखवलं. "पळयात! हांगा आयदन रावता? हो बसपाचो उजो!" वयनींचा शब्द माईंच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नारळ एकच दिला.

एवढं होऊनही वयनींना बसायला मिळालं का? नाही मिळालं. उजो झाला, खुर्ची झाली, हाक कुठे गेली होती? संध्याकाळी लाकडं रचायची, फुंकायचं, ज्वाळ धरली की खुर्चीत टेकायचं, आणि तेवढ्यात, "नलू गे!" "येतां!" ताटं, पाणी, दादांचं औषध, दुसऱ्या दिवशीचा नारळ. परत येईपर्यंत लाकडं जळून राख झालेली असायची. मी एकदा गडग्यावरून विचारलं, "वयनी, बसतात मगो आतां?" त्या म्हणाल्या, "उजो बसता. हांव ताका पळोवन येतां." बोलताना हसल्या नाहीत. स्वेटर तसाच अंगात होता. त्या क्षणी मला वाटलं, या बाईला भिंत फोडून आग काढून दिली, पण भिंतीतून वाट कुणी काढून द्यायची?

पुढे काही वर्षांनी दादा गेले. त्यांचा मुलगा आणि सून पणजीला नोकरीला, दोघांनी घर नव्याने करायला घेतलं. सून सायली, मुलगी चांगली, कामाची. तिने स्वयंपाकघर चकचकीत केलं. ओटा, खण, काचेचा गॅस. लाकडाची चूल काढून टाकली. चूल निघाली त्या दिवशी माई दिवसभर मागच्या अंगणात उभ्या होत्या. नव्या स्वयंपाकघरात त्यांना कशाची जागा सापडेना. मीठ कुठल्या खणात ते त्यांना सायलीला विचारावं लागे. हाका कमी झाल्या, पण काम काही कमी झालं नाही. सायली सकाळच्या बसने जायची, तेव्हा डबे, जेवण, भांडी सगळं नलूकाकीच्या अंगावर. वयनींचं वय झालं होतं. खोकला सुरू झाला होता.

त्या वर्षी श्रावणात नदी चढली. पाणी शेतातून रस्त्यावर आलं, डिचोलीचा रस्ता बंद, वीज सकाळपासून नाही. मुलगा आणि सायली आदल्या संध्याकाळपासून पणजीत अडकलेले. घरात माई, श्रीपाद आणि तापाने फणफणलेल्या वयनी. त्यात सिलिंडर संपला. श्रीपादांनी गडग्यावरून मला हे सांगितलं, आणि आता काय करायचं असं मी विचारल्यावर जे म्हणायचं तेच म्हणाले. आमच्या घरातून पेजेचा डबा भरून दिला, तो घेऊन मी दुपारी पावसात मागच्या दाराने शिरलो. अनंताच्या झाडाशी पाय अडखळला. तिथले तीन चिरे जागेवर नव्हते.

खोलीत उजो पेटलेला होता. वयनी खुर्चीत, स्वेटरवर गोधडी, दात वाजत होते. आणि माई खाली जमिनीवर बसलेल्या. आयुष्यात मी त्यांना जमिनीवर बसून फुंकणी फुंकताना पाहिलं नव्हतं, ते काम नलूचं. तीन चिरे ज्वाळेत बसवलेले, त्यांच्यावर टोप, टोपात तांदूळ उकळत होते.

"माई, हांगा रांदपाचें न्हय," वयनी म्हणत होत्या. "तुमीच सांगिल्लें."

"हांवेंच सांगिल्लें. म्हाका खबर आसा."

टोपातली पेज वर आली, फेस काठावरून निखाऱ्यांत सांडला, चर्र झालं. तो आवाज ऐकला मात्र, वयनींचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले. गोधडी घसरली, त्या उठायला लागल्या. ताप, अशक्तपणा, काही नाही. पेज उतू गेली की नलूने उठायचं, हे त्यांच्या हाडांत होतं.

माईंनी मागे न बघता डवली टोपात घालून ढवळलं.

"तूं बस," त्या म्हणाल्या. "पेज हांव पळयतां."

वयनी अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या. मग हळूहळू खाली बसल्या. इतक्या सावकाश, की खुर्ची खालून कुणी काढून घेईल अशी भीती असावी. बाहेर पाऊस, आत टोपाची खदखद. थोड्या वेळाने माईंनी ओंजळीतलं मीठ त्यांच्यापुढे धरलं.

"कितलें घालूं?"

वयनींना ते सांगता येईना. त्या नुसत्या मिठाकडे बघत होत्या आणि डोळे वाहत होते. मी दारातच होतो. मला दोघींनीही पाहिलं नव्हतं. मी डबा घेऊन तसाच पाऊल न वाजवता परत आलो. घरी विचारलं, पेज का आणलीस परत? मी म्हटलं, त्यांच्याकडे झाली आहे.

पाणी ओसरल्यावर ते तीन चिरे पुन्हा अनंताच्या झाडाशी गेले. मोडून टाकण्याची गोष्ट कुणी काढली नाही. पण तेव्हापासून संध्याकाळी दुसऱ्या खुर्चीत माई दिसायला लागल्या. वयनी तळवे पुढे धरून, माई हात मांडीवर ठेवून. मी एकदा डोकावलो तर वयनींनी स्वेटरची वरची दोन बटणं काढली होती. मी मान वळवली, नजर लागायची.

तसं सुख त्यांना फार मिळालं नाही. तो हिवाळा, बस्स. काजूला मोहर आला त्या दिवसांत खोकल्याने उचल खाल्ली आणि छाती भरली. म्हापशाच्या इस्पितळात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर मी श्रीपादांच्या तोंडून "पळोवया" ऐकलेलं नाही. वयनींची मला फार आठवण येते. दुकानात मे महिन्यात कुणी पंखा वाढवायला सांगितला की हमखास येते.

माईंच्या मुलाने मागची खोली रिकामी करायचं मनात आणलं होतं, तिथे कपडे धुण्याचं मशीन बसेल म्हणून. माईंनी ते चालू दिलं नाही. परवा मी संध्याकाळी सहज गेलो. उजो पेटलेला होता. एका खुर्चीत माई, दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर जांभळा स्वेटर. मला त्यांनी पाटावर बसायला सांगितलं आणि आधीच बजावलं, "चाय मेळची ना. हांगा रांदिनात."

आम्ही बसलो. नदीकडून वारा येत होता. सायली नुकतीच कामावरून आली असावी, कारण आतून तिची हाक आली, "माई! जरा हांगा येशात?"

माई हलल्या नाहीत. दोन्ही तळवे उज्यापुढे धरून, आतल्या दाराकडे मान वळवून, ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने खणखणीत आवाजात सांगितलं,

"हांव बसल्यां गे!"